शेवंती समजून वाढवलेलं गाजरगवत

१२ मे २०२४, रविवार. सकाळी सातलाच डंपर दारात आला आणि अंगणात दोन ब्रास पोयटा ओतून गेला. ब्रासला ४,२०० प्रमाणे ८,४०० रुपये. दुपारी शेणखताची ट्रॉली आली, तिचे ५,०००. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं. पुढे अंगण, मागे परस, आणि दोन्हीकडे बांधकामातला मुरूम नि विटांचे तुकडे. आखलेल्या वाफ्यांत नऊ-दहा इंच चांगली माती पडली की बाग होईल, एवढाच आमचा हिशेब. माती कुठली, असं यजमानांनी विचारलं तेव्हा डंपरवाला म्हणाला, "ओढ्याकाठची आहे, एक नंबर." आम्ही पुढे काही विचारलं नाही. नंतरच्या दीड वर्षात जे निस्तरावं लागलं, त्यातलं बरंचसं त्या ढिगातून आणि त्या ट्रॉलीतून आलं होतं. म्हणून सुरुवात तिथून करते.

सासूबाईंचं वय तेव्हा ७४. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. भाड्याच्या घरांत त्यांनी उभा जन्म कुंड्यांवर भागवला. स्वतःच्या मातीत शेवंती लावायची, ही त्यांची फार जुनी इच्छा. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माहेराहून पिवळ्या शेवंतीचे चाळीस फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले आणि पुढच्या दोन वाफ्यांत स्वतःच्या हाताने लावले.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. दहा-बारा दिवसांत वाफे हिरवेगार झाले. फुटव्यांच्या आजूबाजूला कातरलेल्या पानांची छोटी छोटी रोपं दिसायला लागली. आई म्हणाल्या, "बघ, शेवंतीने कसा जीव धरलाय." मलाही ते शेवंतीचे नवे फुटवेच वाटले. जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर उघडीप पडली, तेव्हा बँकेतून आल्यावर मी रोज झारीने त्या रोपांना पाणी घातलं. आजूबाजूचं 'तण' मात्र नेमाने उपटलं. त्यात काय काय उपटलं गेलं, ते नंतर कळलं.

जुलैच्या मध्यावर त्या रोपांवर पांढरी, बारीक फुलं आली. शेवंती जुलैत फुलत नाही हे आईंना ठाऊक होतं, आणि त्या तसं म्हणाल्याही. पण तोवर त्यांची मान खाजायला लागली होती. मग कोपराच्या खोबणी, मग पापण्या. २० जुलैला सकाळी त्यांचे डोळे सुजून अर्धेच उघडत होते. जवळच्या डॉक्टरांनी पावसाळी खाज म्हणून गोळ्या दिल्या. घरात असल्या की दोन दिवसांत उतरायचं, पूजेची फुलं काढायला बागेत गेल्या की पुन्हा उठायचं. हे असं दहा-बारा दिवस चाललं. हा मेळ आम्हाला तेव्हाच लागायला हवा होता. तुमच्या घरी असं काही होत असेल तर कोणत्या दिवशी उठलं, त्या दिवशी माणूस कुठे बसलं होतं, हे एका कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

२ ऑगस्टला साताऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी फी ५००. त्यांनी मान बघितली, पापण्या बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ गाजरगवत आहे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोत आमचे शेवंतीचे वाफे होते.

परतीच्या गाडीत आम्ही कोणीच बोललो नाही. पाणी मी घातलं होतं, रोज.

डॉक्टरांनी त्या दिवशी लावायला मलम आणि पोटात घ्यायला औषध दिलं. नक्की कशाची ॲलर्जी आहे हे पाहायला पॅच टेस्ट करायची ठरली, पण ती त्वचा भडकलेली असताना करत नाहीत. तीन आठवडे थांबावं लागलं. २६ ऑगस्टची तारीख मिळाली. श्रावणी सोमवार आणि त्यातच गोकुळाष्टमी. पाठीवर औषधाच्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात आणि काढेपर्यंत पाठीला पाणी लागू द्यायचं नसतं. आई पहाटे चारला न्हाऊन, पूजा आटोपून निघाल्या. ४८ तासांनी, बुधवारी पट्ट्या काढून पहिलं वाचन झालं, शुक्रवारी दुसरं. म्हणजे एका टेस्टसाठी तीन फेऱ्या. लांबून जाणाऱ्यांनी रजेचा हिशेब आधीच करावा. खर्च १,८००. गाजरगवताच्या चकतीखाली लालभडक फोड उठला होता. शेजारच्या शेवंतीच्या चकतीखालीही फिकी लाली होती.

शेवंतीची चकती का लावली, हे डॉक्टरांनी समजावलं. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली. सूर्यफूल, झेंडू, एकदांडीही त्याच कुळातली. गाजरगवतातल्या ज्या रसायनाने त्वचा चिडते, त्याचे भाऊबंद शेवंतीतही असतात. त्यामुळे एकाची ॲलर्जी जडली की काहींना दुसऱ्याचाही त्रास होतो. "आजी, शेवंती लावा, पण उघड्या हाताने तोडू नका आणि हार करू नका," असं ते म्हणाले. आईंनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी हार करायची सुई-दोऱ्याची डबी कपाटात आत ठेवली.

वाफ्यांचं काम ३ ऑगस्टलाच सुरू केलं होतं. रागाच्या भरात मी सगळंच उपटून टाकायला निघाले होते. भांगलायला मावशी आल्या होत्या, रोज ३५० रुपये. त्यांनी माझा हात धरला. "ताई, ह्ये नगा उपटू, ह्यो आघाडा हाय. जिवतीला लागंल की." दोन दिवसांनी श्रावण सुरू होणार होता आणि जिवतीच्या आघाडा-दूर्वांच्या माळेसाठी मी बाजारात पैसे मोजणार होते. मावशी वाफ्यात उकिडव्या बसून बोटाने दाखवत गेल्या: ही घोळ, हा तांदुळजा, ह्यो काटेमाठ, हा माका, ही आंबुशी, हा केना, ही घेटुळी, टाकळा, भुईआवळा, एकदांडी, लव्हाळा, हरळी. मी वही आणून लिहून घेतलं. पहिल्या दिवशी सतरा नावं झाली. त्यातली निम्मी मी जून-जुलैत 'तण' म्हणून फेकली होती आणि ज्याला वाचवलं ते गाजरगवत होतं.

मावशींना नावं पक्की ठाऊक होती. पण काही रोपं त्यांच्या शेतात कधी उगवलीच नव्हती. त्यांच्यासाठी मैत्रिणीच्या ओळखीने वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकांना फोटो पाठवायला लागले. मोबाईलवरच्या ओळखसाधनाचा मी आधी प्रयत्न केला होता. कोवळ्या रोपाची तीन नावं तीन वेळा आली. मॅडमनी फोटो काढायची रीत शिकवली. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान जिथे खोडाला जुळतं ती जागा, फूल जवळून, आणि एक रोप मुळासकट कागदावर ठेवून शेजारी दहा रुपयांचं नाणं. एवढे पाच फोटो असले की जाणकाराला पुरतं. फूल नसेल तर थांबायचं. प्रत्येक जातीचं एक रोप जुन्या वर्तमानपत्रात दाबून वर जाड पुस्तकं ठेवायची, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कागद रोज बदलायचा. माझ्याकडे आता तेवीस रोपं अशी वाळवून ठेवलेली आहेत. शंका आली की फाईल उघडते.

गाजरगवत आणि शेवंतीतला फरक आता डोळे मिटून सांगेन. शेवंतीचं पान चुरगाळलं की तिचा तो ओळखीचा कडसर वास येतो. गाजरगवताचं पान गाजराच्या पाल्यासारखं खोल कातरलेलं, फिकट आणि लवदार. कोवळेपणी त्याची पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, मग मधून उभ्या रेघांचं खोड वर येतं आणि त्यावर पांढऱ्या चांदण्या. आमच्याकडे याला चटकचांदणी म्हणतात, काँग्रेस गवतही म्हणतात. मॅडम म्हणाल्या की या तणाकडे देशाचं लक्ष वेधलं गेलं ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यात सापडलं तेव्हा. मूळचं ते अमेरिका खंडातलं. अमेरिकेहून आयात केलेल्या गव्हातून आलं, असं सगळीकडे सांगितलं जातं. एकेका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात आणि त्या मातीत काही वर्षं जिवंत राहतात. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलावर येतं. आमच्याकडे जूनच्या मध्याला उगवलं आणि जुलैच्या मध्याला फुललं, अगदी त्या हिशेबाने.

उपटायची रीत अशी. पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट काढायचं, नुसतं कापलं तर खालून फुटतं. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, रबरी हातमोजे, नाका-तोंडाला मास्क, आणि काम झाल्यावर ते कपडे वेगळे धुवायचे. फुलावर येण्याआधी उपटलेलं खतात घातलं तरी चालतं. फुललेलं मात्र खतात घालायचं नाही, तिथेच टाकायचंही नाही, बी सांडतं. आम्ही फुललेली झाडं जाड काळ्या पिशव्यांत तोंड बांधून गच्चीवर ठेवली. आठ पिशव्या भरल्या. कोणी मिठाचं पाणी फवारायला सांगितलं. ओसाड जागेवर गाजरगवतासाठी मिठाचं दाट द्रावण वापरतातही, पण ज्या मातीत पुढे काही लावायचं आहे तिथे मीठ ओतू नये, माती नासते.

आमच्या पश्चिमेला मोकळा प्लॉट आहे आणि तो आमच्यापेक्षा फूटभर उंच. तिथे कमरेएवढं गाजरगवत होतं. पावसाचं पाणी त्यातून वाहत कुंपणाच्या भोकांतून आमच्या वाफ्यांत उतरत होतं, आणि बी त्या पाण्याबरोबर. १२ ऑगस्टला नगरपालिकेत अर्ज घेऊन गेले. खिडकीवर विचारलं, सिटी सर्व्हे नंबर? मला माहीत नव्हता. परत आले. मिळकत पत्रिका काढून नंबर आणि मालकांचं नाव मिळवलं, चार दिवस गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्जासोबत तारखेचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि शेजारच्या सहा घरांच्या सह्या जोडल्या. आवक-जावक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. पुढच्या प्रत्येक फेरीला पहिला प्रश्न तोच असतो. पाच फेऱ्या झाल्या. १९ सप्टेंबरला मालकांना नोटीस गेली, १४ ऑक्टोबरला प्लॉट साफ झाला. तोवर तिथलं गवत फुलून, बी सांडून वाळलंही होतं.

पुढच्या वर्षी मी ५ मेलाच मालकांना फोन केला. ते मुंबईत असतात, वयस्कर आहेत. आईंना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मला आधी का नाही सांगितलंत?" माणूस लावून, निम्मे पैसे त्यांनी आणि निम्मे आम्ही देऊन, फुलं यायच्या आधी प्लॉट साफ झाला. माझ्या वाट्याला ७५० रुपये आले. आधी फोन, मग अर्ज, हा क्रम मी उलटा केला होता. त्याच प्लॉटच्या कडेला सुबाभूळ माजलं आहे. त्याची रोपं आमच्याकडे दर पावसाळ्यात निघतात, ती वीतभर असतानाच उपटते. पण ते झाड तोडायचं तर तो गवतासारखा साधा मामला नाही. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. तो अर्ज मालकांनीच करायचा. अजून झालेला नाही.

ऑगस्टमधली एक गोष्ट सांगायला हवी. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो, जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तो देशभर पाळतात. मॅडमनी त्या निमित्ताने त्यांच्या कॉलेजची मुलं आमच्या गल्लीत आणली. रस्त्याच्या कडेचं उपटताना एका मुलीने हाक मारली. झाडाच्या पानांची नुसती चाळण झालेली, आणि त्यावर पांढुरक्या पाठीचे, तपकिरी पट्ट्यांचे छोटे भुंगे. मेक्सिकोतून मुद्दाम आणून, तपासून, १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेल्या भुंग्यांचे ते वंशज. ते गाजरगवतावर जगतात आणि पावसाळा सरला की मातीत शिरून झोपतात. मॅडमनी ती झाडं तशीच ठेवायला लावली. घरच्या वाफ्यात मात्र भुंग्यांच्या भरवशावर राहता येत नाही. त्यांची संख्या वाढेपर्यंत गवत फुललेलं असतं.

गणपती आले, गेले. वाफ्यातलं गाजरगवत संपलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत लव्हाळा वर आला. गाजरगवतापेक्षा याने मला जास्त दमवलं. दिसायला गवतच, पण काडी बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. गवताची काडी गोल असते. वर ओढला की पात निघून हातात येते आणि खाली सुपारीपेक्षा लहान, काळपट गड्डी तशीच राहते. मी कुदळ घेऊन एक अख्खा वाफा खणला. तीन आठवड्यांनी तिथे आधीच्या तिप्पट कोंब होते. मॅडमना विचारलं तेव्हा उलगडा झाला. या गड्ड्या जमिनीत तारेसारख्या मुळाने एकीला एक जोडलेल्या असतात आणि साखळीतली पुढची गड्डी वाढत असते तोवर बाकीच्या झोपलेल्या राहतात. साखळी तोडली की प्रत्येक तुकडा जागा होतो. मी कुदळीने नेमकं तेच केलं होतं.

दुकानात तणनाशक विचारलं. दुकानदार भला माणूस, त्याने डब्यावरचं लेबल वाचायला दिलं. लव्हाळ्यावर चालणारं औषध उसासाठी होतं, भाजीच्या वाफ्यासाठी नव्हे. ग्लायफोसेटवर तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्येच निर्बंध घालून ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांकरवी वापरायचं असं ठरवलं होतं. तुळस, मेथी, कढीपत्ता शेजारीशेजारी असलेल्या अंगणात मला काहीच फवारायचं नव्हतं. काळं प्लास्टिक अंथरून पाहिलं. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते प्लास्टिक फोडून वर आलं.

उपयोगी पडल्या त्या तीन गोष्टी. खुरप्याचं टोक बाजूने खोल घालून गड्डीसकट उचलायचं, ओढायचं नाही. नवे कोंब दर पंधरा दिवसांनी काढायचे, म्हणजे त्यांना नव्या गड्ड्या धरायला वेळ मिळत नाही आणि जुन्यांची शिदोरी संपत जाते. आणि सावली. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मी दोन वाफ्यांत रताळ्याचे वेल दाट लावले. वेलांखाली लव्हाळा पिवळा, लुकडा झाला. पुरता गेला नाही, पण मोजण्याइतका उरला. काढलेल्या गड्ड्या मावशींनी धुऊन सुपात वाळवल्या. या गड्ड्या म्हणजेच नागरमोथा, आणि त्याचा तो वास दिवाळीच्या पहाटेचा आहे, हे मला तोवर उमगलंच नव्हतं. आईंनी त्या खलबत्त्यात कुटून घरच्या उटण्यात घातल्या. ३१ ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीला, आम्ही आमच्याच वाफ्यातला लव्हाळा अंगाला लावला.

नोव्हेंबरात शेवंती फुलली. चाळीसपैकी अकरा झुडपं वाचली होती. गाजरगवताने दबून बाकीची गेली. मी हातमोजे घालून फुलं तोडली आणि हार केला. आई पायरीवर बसून सांगत होत्या, "ती नको, अजून उमलायची आहे. डावीकडची घे."

मधेच एक उद्योग आम्ही स्वतः ओढवून घेतला. उघडी माती झाकावी म्हणून ऑक्टोबरात नर्सरीतून पिवळ्या फुलांची पसरणारी वेडेलिया आणली, तीस रुपयाला एक, दहा रोपं. जानेवारीपर्यंत तिने परस व्यापला. जिथे पेर मातीला टेकतं तिथे मूळ धरतं. मॅडमनी फोटो पाहून कळवलं की जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत ही आहे, घाणेरी आणि सुबाभळीच्या पंगतीत. आणि कूळ पुन्हा शेवंतीचंच, म्हणजे आईंसाठीही नको. फेब्रुवारीत ती काढायला तीन दिवस लागले. विकत घेतलेलं रोप म्हणजे निर्धोक, असं मी धरून चालले होते.

उन्हाळ्यात मातीतलं बी मारायचं ठरवलं. वाफे सपाट करून, भरपूर पाणी देऊन, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि सहा आठवडे कडक ऊन खाऊ द्यायचं. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. २,२०० रुपयांचं प्लास्टिक १५ एप्रिल २०२५ ला अंथरलं. शेजारचा लव्हाळ्याचा वाफा उघडा खणून गड्ड्या उन्हात वाळत टाकल्या. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. त्या वर्षी राज्यभर मेमध्येच पावसाने धुमाकूळ घातला, तुम्हालाही आठवत असेल. सहाऐवजी पाच आठवडे मिळाले. वाळत टाकलेल्या गड्ड्या भिजून पुन्हा फुटल्या, त्या सगळ्या वेचाव्या लागल्या. हे काम मार्चअखेरीलाच सुरू करावं, असं आता सांगेन.

तरी फरक पडला. मी वहीत मोजून ठेवलं आहे. जून २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात झाकलेल्या वाफ्यांत गाजरगवताची ३८ रोपं निघाली, न झाकलेल्या तेवढ्याच जागेत २१२. दोन पानांवरच उपटली. ज्यांच्यावर ऊन चाललं नाही त्यात केना होता. तो मातीच्या आतही फुलं धरतो, न उमलणारी, आणि तिथेच बी करतो. शिवाय खुरप्याने तुटलेला पेराचा तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो. म्हणून केना तोडायचा नाही, हाताने अख्खा उचलायचा आणि टोपलीत टाकायचा. आम्ही कोवळ्या पानांची भजी करतो, त्यामुळे तो उचलायला घरात कोणी कंटाळत नाही.

भाजीसाठी खुडताना एक खूण पाळा. घोळीसारखं दिसणारं, जमिनीवर पसरणारं दुधी नावाच्या तणाचं रोप तिच्या शेजारीच उगवतं. काडी मोडून बघायची. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. आणि नव्या, बाहेरून आणलेल्या मातीतलं पहिल्या वर्षी आम्ही काही खाल्लं नाही. ती ओढ्याकाठी कशात भिजली होती, हे सांगणारं कोणी नव्हतं.

मे २०२५ मध्ये परसासाठी आणखी थोडी माती हवी होती. या वेळी मी आधी दोन ठिकाणांहून बादलीभर माती आणि बादलीभर खत मागून आणलं, पसरट टोपल्यांत भरलं, खिडकीत ठेवून तीन आठवडे पाणी घातलं. एका मातीत पहिल्याच आठवड्यात लव्हाळ्याचे कोंब आले. दुसरीत तांदुळजा आणि हरळी, तेवढं चालण्यासारखं. कच्च्या शेणखतात इतकं काही उगवलं की ते परत केलं आणि पुरतं कुजलेलं घेतलं. खत कुजताना आत चांगली उष्णता धरली असेल तर बहुतेक बी मरतं. दुकानदाराला विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा एकाने ढीग उकरून आत हात घालायला सांगितलं.

खर्च एकत्र लिहिते. मावशींचे बावीस दिवस ७,७००, हातमोजे-मास्क ६४०, प्लास्टिक २,२००, आईंच्या तीन तपासण्या, टेस्ट आणि औषधं मिळून ५,६००, वेडेलियाचे ३००, प्लॉट साफ करण्याचा वाटा ७५०. बेरीज १७,१९०. माती-खताला पडले होते १३,४००.

आईंना आता बरं आहे. ॲलर्जी गेलेली नाही, ती जात नाही असंच डॉक्टर म्हणाले. पण मागच्या पावसाळ्यात पापण्या एकदाही सुजल्या नाहीत. सकाळी पूर्ण बाह्यांचं झंपर घालून त्या खाली येतात आणि वाफ्याच्या कडेने काठी टेकत फिरतात. स्वतः काही उपटत नाहीत, काठीच्या टोकाने दाखवतात. दोन पानांचं गाजरगवत त्यांना माझ्याआधी दिसतं.

तुळशीवृंदावनामागे ऑक्टोबरात एक रोप आलं आहे. समोरासमोर पानं, लालसर खोड, बारीक लव. मावशींना नाव सांगता आलं नाही. मॅडमना पाच फोटो पाठवले, त्या म्हणाल्या, फूल येऊ दे. मी ते मातीसकट उचलून कुंडीत लावलं आणि आइस्क्रीमच्या काडीवर लिहून खोचलं: '१२ ऑक्टोबर २०२५, ओळख बाकी'. कुंडी वाफ्यांपासून लांब, जिन्याखाली ठेवली आहे. आई रोज सकाळी ती थोडी उन्हाकडे फिरवतात आणि कळी आली का ते बघतात.